केसभर तिरकी गोळी

उसाला कोयता लागला की माझं घरात बूड टिकत नाही. सांगलीत मुलाच्या घरी येऊन मला बरीच वर्षं झाली, पण मागच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या, वाऱ्यानं पाचट फाटकापर्यंत यायला लागलं, की मी उठते, बसते, परत उठते. दारापर्यंत जाते आणि कशाला आले ते विसरून मागं फिरते. "आई, काय हवंय का?" असं शैला विचारते. शैला म्हणजे माझी सून. शाळेत शिकवते, त्यामुळे तिचा प्रश्न उत्तर मिळाल्याशिवाय संपत नाही. काही नको असतं मला. पण 'काही नको' हे शाळेत उत्तर धरत नाहीत.

यंदा बसायला काहीतरी हवं म्हणून गोधडी घेतली. पणतू यायचाय. जुनी लुगडी मऊ आहेत, दोरा चांगला आहे, फक्त डोळे नाहीत. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे आणि उजव्यातला त्याच्या मागं लागला आहे. चार ओळी घालून झाल्या की मी विचारते, "शैला, टाका सरळ आलाय ना?" ती वही तपासता तपासता मान वर करून म्हणते, "छान आलाय, आई."

डोक्यावरचा पंखा डुलतो. हे घरात कुणाला दिसत नाही, आणि आता मलाही दिसत नाही, पण ऐकू येतं. एका पात्याच्या वेळी तो जरासा कण्हतो. मुलाला सांगितलं तर म्हणाला, "फिरतोय ना? मग झालं." फिरणं आणि सरळ फिरणं यात फरक असतो हे त्याच्या पिढीला कोण सांगणार? मला ते सातव्या-आठव्या वर्षीच कळलं होतं. माझे वडील माधवनगरच्या कापडगिरणीत फिटर होते. त्यांचा डबा घेऊन गेले की ते मला सूत काढणाऱ्या चात्यांच्या रांगेसमोर उभं करायचे. शेकडो चात्या एकदम फिरत असायच्या, इतक्या जोरात की उभ्या आहेत असं वाटावं. "ह्यातली कुठली डुलते, सांग." मी बोट दाखवायची. पहिल्यांदा चुकले, नंतर फारशी चुकले नाही. सरळ चातीची कड स्वच्छ दिसते, डुलणारीच्या कडेला धूर असतो. वडील ती चाती बंद करायचे, काढायचे आणि दुसरी बसवायचे. मला शाबासकी म्हणून त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मिळायची, जी मीच आणलेली असे.

ही नजर लग्नात आंदण म्हणून दिली जात नाही, तरी माझ्याबरोबर ती सासरी गेली.

सासर उंब्रजच्या अलीकडं, नदीकाठचं. उसाची जमीन, घरचं गुऱ्हाळ. सासरे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले हवालदार. लढणारे नव्हेत, पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारे. त्यांच्या एका साहेबानं निघताना त्यांना जुनी एकबारी रायफल दिली होती, तिचा परवाना होता आणि तो रानडुकरांसाठी होता. डुकरं उसाची फार नासाडी करायची. ऊस गुऱ्हाळाला लागेल तसा तुटत जातो, आणि डुकरं सरकत सरकत शेवटच्या उभ्या तुकड्यात गोळा होतात. तो तुकडा तोडायचा दिवस म्हणजे आमच्याकडं सणाचा आणि भीतीचा. पलीकडून माणसं डबे बडवत हाका घालायची, अलीकडं बांधावर रायफल घेऊन आमचे हे उभे राहायचे. ह्यांचा नेम चांगला होता. काडतुसं सासऱ्यांची.

त्या वर्षांत दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती आणि बाजारात काडतूस औषधाला मिळत नव्हतं. म्हणून सासरे उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवायचे, आणि पुढच्या सोप्यात पोतं अंथरून त्या परत भरायचे. घरात चहाची साखर सांडली तर चालायची, पण त्या पोत्यावरचा दारूचा एक कण कुणी हलवला तर सासरे घर डोक्यावर घ्यायचे.

मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या हंगामात एक गोष्ट घडून गेली होती. शेवटच्या तुकड्यातून डुक्कर निघालं, ह्यांनी बार टाकला, आणि गोळी डुकराला न लागता हाका घालणाऱ्या बाळूतात्यांच्या गुडघ्यात गेली. बाळूतात्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. जिवावरचं गुडघ्यावर निभावलं, पण पाय कायमचा अधू झाला. गावानं ह्यांच्या नेमाला नाव ठेवलं. सासऱ्यांनी मात्र चावडीवर उभं राहून सांगितलं, "पोराचा नेम बरुबर हुता. माझी गोळी तिरकी बसली हुती."

तिरकी म्हणजे काय, ते मला नंतर समजलं. गोळी पुंगळीच्या तोंडात अगदी मधोमध, पुंगळीच्या रेषेत बसली पाहिजे. ती केसभर जरी कलली तरी नळीत तिरकीच शिरते आणि बाहेर पडते ती डुलत. मग तिचं ती ठरवते कुठं जायचं ते. असं सासरे म्हणायचे. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, ही तर आमची चातीच.

त्या हंगामानंतर त्यांनी बाभळीच्या लाकडाची एक घोडी केली. वीतभर लांब, दोन खाचांची. खाचांत काडतूस आडवं ठेवायचं आणि बोटानं गरगर नाही, सावकाश फिरवायचं. गोळीच्या टोकाजवळ गोधडीची सुई रोवलेली. सुई आणि गोळी यांच्यामधली फट फिरताना सारखी राहिली तर गोळी सरळ. फट एका बाजूला मिटली आणि दुसऱ्या बाजूला उघडली तर तिरकी. मग उंच आलेली बाजू वर धरायची, लाकडाच्या भोकात गोळीचं टोक घालायचं, आणि अंगठ्यानं जरासं रेटायचं. जरासं म्हणजे किती, ते फक्त त्यांच्या अंगठ्याला माहीत होतं.

घोडी उत्तम होती. अडचण एवढीच की त्यांना ती फट दिसत नव्हती.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते असं, की एकदा मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होते आणि ते सोप्यात काडतूस फिरवत होते. डुलत होतं ते. इतकं डुलत होतं की मला तांदूळ दिसेनासे झाले. त्यांनी ते चांगल्यात ठेवलं. दुसरं फिरवलं, ते सरळ होतं, ते वाईटात टाकलं. मी आत जाऊन सासूबाईंना सांगितलं. सासऱ्यांशी बोलायची सुनेला रीत नव्हती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, नजर खाली, आणि काही सांगायचं तर ते सासूबाईंच्या मार्फत. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

आत्याबाई दारात गेल्या. "आवं, सून म्हंती ते वाकडं हाय."

सोप्यात फिरणारं काडतूस थांबलं. मला वाटलं, संपलं, आता मला माहेरी पोचवतील. मग ते म्हणाले, "कंचं, इचार."

आठवडाभर असं चाललं. ते विचारायचे, आत्याबाई मला विचारायच्या, मी सांगायची, आत्याबाई त्यांना सांगायच्या. आठव्या दिवशी आत्याबाईंनी चुलीवरून उलथनं उचललं. "मला न्हाई जमायचं बगा. माझं कालवण करपतंय आन तुमचं सरळ-वाकडं चालू. तुमचं तुमी बघा."

मग घोडी उंबऱ्यावर आली. सासरे सोप्याच्या बाजूला, मी आतल्या बाजूला, पाठ अर्धी वळवून, पदराच्या कडेतून बघत. बोलायचं नाही. सरळ असेल तर मी बांगडी एकदा वाजवायची, तिरकी असेल तर दोनदा. दोनदा वाजली की ते परत हळूहळू फिरवायचे, उंच बाजू सुईजवळ आली की मी पुन्हा वाजवायची, आणि ते तिथं अंगठा धरायचे. कुणी ठरवलं नव्हतं हे, आपोआप झालं. दोन हंगाम मी सासऱ्यांशी एक शब्द बोलले नाही, आणि तरी घरात ते माझ्याइतकं कुणाशीच बोलत नव्हते, असं मला वाटायचं. त्या उंबऱ्यावर मला फार सुख लागायचं. माहेरी गिरणीत वडिलांपुढं जशी उभी राहायची तसं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, आज सांगते आहे.

आता शैला कधी कधी स्वयंपाकघरातून बोलत असते आणि मी हूं म्हणत असते, तेव्हा वाटतं की बोलून बोलून माणसं काय सांगतात एकमेकांना? पण हा माझ्या वयाचा कुचकेपणा असेल. तिच्या हातात बांगड्या नाहीत, घड्याळ आहे. ते वाजत नाही.

तर तो दिवस. शेवटचा तुकडा दुसऱ्या दिवशी तोडायचा होता. हे गुऱ्हाळावर होते, चार दिवस घरी आलेच नव्हते. सासऱ्यांना सहा काडतुसं तयार करायची होती. सकाळपासून आम्ही उंबऱ्यावर. पाच झाली. सहावं काही केल्या सरळ होईना. मी दोनदा वाजवायची, ते रेटायचे. फिरवायचे, पुन्हा दोनदा. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. डोळ्याला पाणी लागलं होतं, ते धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि परत घोडीकडं वाकायचे, जणू आणखी जवळ गेलं की दिसेल. उन्हं सोप्यातून सरकून अंगणात गेली. मग ते हात थांबवून, माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे, हळू आवाजात म्हणाले, "हातबी गेला का काय माझा?"

त्यांनी पुन्हा फिरवलं. फट एका बाजूला केसभर मिटत होती. मी बांगडी एकदा वाजवली.

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. काडतूस पाचांबरोबर पट्ट्यात गेलं. ते ताठ उठले, नव्या माणसासारखे अंगणात गेले आणि बैलांशी बोलले. मलाही बरं वाटलं. दिवे लागेपर्यंत बरं वाटलं. आणि मग ते काडतूस डोळ्यांपुढं फिरायला लागलं, सावकाश, घोडीवर फिरायचं तसं, आणि दर फेऱ्याला फट एका बाजूला मिटायला लागली.

ते सहांतलं कुठलं, ते आता मलाही ओळखू आलं नसतं. घोडीवर घेतलं तरच. पट्टा सासऱ्यांच्या उशाशी. हे गुऱ्हाळावर. मी आत्याबाईंजवळ गेले. उद्या वीस माणसांच्या भाकरी करायच्या म्हणून त्या पीठ चाळत होत्या. "आत्याबाई."

"बोल की."

"मीठ संपलंय."

त्यांनी कोनाड्यातला डबा दाखवला. त्यात मीठ काठोकाठ होतं.

सकाळी माणसं गेली, रायफल गेली, पट्टा गेला. मी भाकरी थापत होते आणि एकही भाकरी गोल येत नव्हती. न्याहारीची पाटी घेऊन मी निघाले तेव्हा कोवळं ऊन होतं, गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूर नदीकडं सरकत होता, आणि सगळीकडं इतकं चांगलं दिसत होतं की मला रडू येत होतं. वाटेत मी मनाशी हिशेब करत होते. सहांत एक. कदाचित दोनच बार होतील. कदाचित डुक्कर पहिल्याच बाराला पडेल. कदाचित ते काडतूस आज निघणारच नाही. मग फडाच्या पलीकडच्या कडेला बाळूतात्या दिसले. अधू पाय ओढत, रॉकेलचा रिकामा डबा गळ्यात अडकवून, सगळ्यांच्या पुढं.

बायकांनी पाटी लांब, विहिरीजवळ ठेवायची असते. मी ती तिथं ठेवली नाही. पाटी डोक्यावर तशीच घेऊन मी सरळ बांधाकडं चालत गेले. सासरे बाभळीखाली उभे होते. ह्यांनी रायफल भरली होती. दहा-बारा माणसं माझ्याकडं बघायला लागली. सगळ्यांसमोर बोलले तर हवालदाराचे डोळे गेलेत हे गावाला कळणार, काडतुसं बाईमाणूस बघतं हे कळणार. हे सगळं मला चालता चालता कळत होतं, आणि पाय काही थांबत नव्हते.

"मामंजी," मी म्हणाले. दोन हंगामांतला माझा पहिला शब्द तो. आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्यातली येक तिरकी हाय. काल म्या खोटं वाजवलं."

"काय वाजवलं?" मागून कुणीतरी विचारलं. कुणी हसलं.

हे म्हणाले, "आगं, काय बोलतीस तू? जा तिकडं."

सासरे माझ्याकडं वळले. त्यांना मी नीट दिसत नसणार, पदर आणि पाटी एवढंच. "कंची?"

"आता वळखू येत न्हाई."

त्यांनी फडाकडं कान दिला. फडात पाचट करकरत होतं, डुकरं आत होतीच. मग ह्यांना म्हणाले, "बार काढ."

"आवं आबा, आत्ता? निघतील की भाईर."

"काढ म्हंतो न्हवं."

ह्यांनी काडतूस काढलं. सासऱ्यांनी ते हातात घेतलं, पट्टा घेतला, आणि जमलेल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं डोळं गेल्यात गड्यांनो. दोन वरसं झाली. काडतुसं ही पोरगी बघती. ती म्हंती तिरकी हाय, म्हंजी हाय. आज बार व्हनार न्हाई."

डुकरं निघाली. मोठी, काळी, पिलांसकट. आमच्या डोळ्यांदेखत बांध ओलांडून शेजारच्या लावणीत घुसली आणि कोवळा ऊस उलथापालथा करून नदीकडं गेली. ह्यांनी रायफल बांधावर टाकली आणि आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. गावात कितीतरी दिवस आमच्या रायफलीला बांगडीची बंदूक म्हणायचे. लावणी शेजाऱ्याची, त्याची बोलणी आत्याबाईंनी खाल्ली, आणि मग मला मीठ किती आहे ते विचारलं.

त्या सगळ्या गोंधळात एक माणूस माझ्या पाटीजवळ येऊन बसला. बाळूतात्यांनी गळ्यातला डबा काढला, भाकरी घेतली, वाकडीतिकडी भाकरी उलटून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, माझा ह्यो दुसरा गुडघा ऱ्हाऊ दिलास. लय झालं."

संध्याकाळी सासऱ्यांनी घोडी उंबऱ्यावर मांडली. मी येऊन बसले. त्यांनी पहिलं काडतूस खाचेत ठेवलं आणि फिरवलं. माझा हात सवयीनं उचलला.

"बांगडी नगं," ते म्हणाले. "काल बांगडीला माया आली. आता तोंडानं सांगायचं. तोंडाला येऊ द्यायची न्हाई."

पहिलं सरळ होतं. मी म्हणाले, "सरळ." दुसरं सरळ. तिसरं सरळ. चौथं फिरायला लागलं आणि फट एका बाजूला मिटली. त्यांचा अंगठा माझ्यासमोर होता, काळ्या नखाचा.

"तिरकी," मी म्हणाले.

"किती?"

"केसभर."

त्यांनी मान हलवली आणि ते काडतूस बाजूला, एकटं ठेवलं. त्यानंतरची सात वर्षं, ते होते तोवर, मी त्यांच्याशी तोंडानं बोलले. आत्याबाईंनी आधी नाक मुरडलं, मग त्यांनाही सवय झाली.

एवढं सगळं झालं आणि संपलं, असं मला वाटत होतं. यंदा ते परत उघडलं. काल गोधडीवर बसले होते, बाहेर ट्रॉली गेली, आणि मी नेहमीसारखा हात ओळीवरून फिरवला. डोळ्यांना दिसत नाही ते अंगठ्याला दिसतं. टाका वळत होता. चांगला वळत होता, नदीसारखा. आणि शैलानं तर छान म्हटलं होतं. तेव्हा एकदम ते जुनं काडतूस डोळ्यांपुढं फिरलं. माझ्या साध्या अंगठ्याला हे कळतं, तर त्यांच्या अंगठ्याला काय कळत नव्हतं? दिवसभर ज्यानं ती गोळी रेटली त्याला ती हलली नाही हे ठाऊक नसेल? बांगडी एकदा वाजली तेव्हा ते काय ऐकून हसले? काडतूस सरळ झालं म्हणून, की सुनेला आपली दया आली म्हणून? की थकलेल्या माणसाला 'झालं' हा शब्द हवा होता, आणि तो खोटा आहे हे माहीत असून त्यांनी घेतला? बांधावर त्यांनी मला एवढंच विचारलं, कुठली. 'खरंच का' असं विचारलं नाही. 'का केलंस' असंही नाही.

म्हणजे दोष माझा एकटीचा नव्हता. यानं बरं वाटायला हवं. वाटत नाही. बाळूतात्यांच्या गळ्यातला डबा दिसत राहतो आणि मी उठते, दारापर्यंत जाते, परत येते.

आज सकाळी शैला वह्या घेऊन बसली होती. मी गोधडी तिच्या मांडीवर नेऊन ठेवली.

"शैला, टाका कसा आलाय?"

"छान आ—"

"नीट बघ. पणतूच्या अंगाखाली जायचीय ती. नीट बघ आणि तोंडानं खरं सांग."

तिनं पेन खाली ठेवलं. गोधडी उजेडाकडं धरली. बराच वेळ बघितली, मुलांच्या वह्या बघते तशी. मी उभीच होते.

"तिरका आहे, आई," ती म्हणाली. "चौथ्या ओळीपासून सगळाच."

मी तिच्याकडून कात्री मागून घेतली.